तीन अठ्ठ्या

व्हर्जिलच्या डाव्या हाताची खुर्ची मिळावी म्हणून ऑलिंडा रोज मुद्दाम त्याच्या मागून खोलीत शिरायची. आधी त्याला बसू द्यायचं, मग शेजारची खुर्ची ओढायची. ज्याचा राग येतो त्याच्या डावीकडे बसलं की चाल आधी त्याला करावी लागते आणि आपण ती बघून मग काय ते ठरवतो. संसारात हे तिला कधी साधलं नव्हतं. तिथे व्हर्जिल आधीही बोलायचा नाही आणि नंतरही नाही. ‘भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान एखादा खिळा तरी ठोकता आला असता,’ असं ती कोर्टात न्यायाधीशांसमोर म्हणाली होती. न्यायाधीश हसले होते, व्हर्जिल हसला नव्हता.

त्या घटस्फोटाला आता चार वर्षं झाली. घर तिच्याकडे आलं, पिकअप गाडी त्याच्याकडे गेली, दोन्ही कुत्री मुलाने ओरेगनला नेली. ‘रस्टी गेट’ मात्र दोघांपैकी कुणीही सोडायला तयार नव्हतं. टायरचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधली ही पत्त्यांची खोली. आत कायम धुतलेल्या कपड्यांचा आणि पॅनकेकच्या पाकाचा मिळून एक वास. बाकीच्या टेबलांवर पोरं आरडाओरडा करत भलतेसलते खेळ खेळायची, पण सकाळी दहाला पोकरचं एकच टेबल लागायचं आणि त्यावर तीच ती माणसं. वर्षानुवर्षं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. कुणी आठवडाभर दिसला नाही तर तो आजारी आहे का हे कुणी विचारायचं नाही. त्याची खुर्ची आता कुणाला, एवढंच विचारायचं.

ऑलिंडाला ही खोली प्राणापलीकडे आवडायची, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. जन्मभर तिने पीच डबाबंद करायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून फळं निवडली, आणि तिथे तिचं नावही कुणाला धड माहीत नव्हतं. इथे तिने चाल केली की समोरचा माणूस घाम पुसायचा. घरी एक टीव्ही होता आणि एक पोपट होता, आणि पोपटही आताशा तिच्याशी बोलत नव्हता.

तर गेल्या आठवड्यात तिने थंड कोलाचा पेला व्हर्जिलच्या मांडीवर ओतला. चुकून नव्हे. तो तिच्या चिप्सच्या, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांच्या, ढिगाकडे बघून नाकातून हसला, एवढंच कारण. पत्ते भिजले, टेबलाचं कापड भिजलं, डाव मोडला. आणि आज सकाळी खोलीचा मॅनेजर डर्विन याने दोघांना काउंटरपाशी थांबवलं.

“मिस ऑलिंडा, मिस्टर व्हर्जिल, माझ्याने आता हे होत नाही,” डर्विन म्हणाला. हा मूळचा फिलिपिनो घरातला, वडीलधाऱ्यांशी आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो अजिजीच्या सुरात धमकी द्यायचा. “तुम्ही भांडता आणि माझं टेबल मोडतं. लोक हायवेवरच्या त्या मोठ्या कॅसिनोत जायला लागलेत. तिथे कॉफी फुकट आहे आणि तुम्ही दोघं नाही.”

“मग याला काढ,” ऑलिंडा म्हणाली.

“ते म्हणतात तुम्हाला काढा.”

“हा म्हणाला? तोंडाने?”

व्हर्जिलने काउंटरवरचा पेपरमिंट उचलला आणि तोंडात टाकला.

“आज संध्याकाळपर्यंत दोघांतला एक जण इथून जाणार,” डर्विन म्हणाला. “कोण ते तुम्ही ठरवा. नाही ठरलं तर मी दोघांचे फोटो दारावर लावतो. मग आयुष्यभर बंदी.”

 ऑलिंडाने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. तिचा सगळा लौकिकच त्या चेहऱ्यावर उभा होता.

टेबलापाशी जाता जाता व्हर्जिल थांबला. “चिप्स संपतील तो उठेल,” तो म्हणाला. “खिशातून परत घ्यायच्या नाहीत.”

“आणि परत या दारात पाऊल टाकायचं नाही.”

“नाही.”

वर्षभरात त्यांच्यात झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

टेबलावर बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. समोरच्या खुर्चीतला हार्लन हात चोळत होता. हा निवृत्त खाटीक. डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची मळकी टोपी, आणि जिभेला सुरीइतकीच धार.

“ऑलिंडा, तू गेलीस की तुझ्या खुर्चीवर मी माझी उशी ठेवणार. मूळव्याधीची.”

“तू मेलास की तुझ्या खुर्चीवर मी पाय ठेवणार. तेही बुटासकट.”

“बघा, बघा! आणि व्हर्जिल एवढी वर्षं हिच्या शेजारी झोपला. त्याला सरकारने पदक द्यायला हवं.”

“आंटीजींना सोड, हार्लनअंकल,” कोपऱ्यातून गुरमेल म्हणाला. हा ट्रकवाला सरदार. रात्रपाळी संपवून तो इथे यायचा आणि डोळे चोळत चोळत सगळ्यांना लुटून जायचा. “आज त्यांचा शेवटचा दिवस आहे. अंकलचा असेल नाहीतर आंटींचा. माझे पैसे आंटींवर.”

“तुझ्या तोंडाची वाफ नको मला,” ऑलिंडा म्हणाली. “तू चाल कर.”

पत्ते वाटायला आज पाकू होती. लाओसकडून आलेल्या ह्मोंग लोकांतली कोवळ्या वयाची मुलगी, चेहरा दगडासारखा. या टेबलावर तसाच चेहरा लागतो. हरलेला माणूस पत्ते तिच्याच अंगावर फेकतो.

पहिल्या फेरीत हार्लनने तेच केलं. त्याच्या हातातल्या दोन राण्या गुरमेलच्या फालतू पत्त्यांनी मारल्या, तसे त्याने पत्ते भिरकावले आणि ते पाकूच्या मनगटावर आपटले. “आठवडा झाला, बाई! आठवड्यात एक हात टिकू दिला नाहीस तू माझा!”

“मी नुसते वाटते, सर,” पाकू म्हणाली आणि पत्ते गोळा केले.

“मग नीट वाट!”

“तुझ्या दुकानात गाय म्हातारी निघाली की तू गिऱ्हाइकाला शिव्या द्यायचास का रे?” ऑलिंडा म्हणाली. तिला पाकूचा कळवळा वगैरे काही नव्हता. हार्लनला टोचायची संधी वाया जाऊ नये, एवढंच.

हा खेळ ज्यांनी खेळला नाही त्यांना वाटतं की इथे नशिबाची गंमत असते. गंमत कसली? तासन् तास पत्ते पॅक करत, म्हणजे टाकून देत बसायचं, कंबर धरते, आणि शेजारच्याची प्रत्येक लकब डोळ्यांत तेल घालून बघायची. हातात दोन पत्ते, टेबलावर हळूहळू उघडणारे पाच, आणि सगळा खेळ माणसांच्या तोंडाकडे बघण्याचा. ऑलिंडाने व्हर्जिलला बत्तीस वर्षं बघितलं होतं. चांगले पत्ते आले की त्याचा डावा कान लाल व्हायचा. थापा मारताना तो चिप्स अंगठ्याने घासायचा. तो बोलत नव्हता तर नव्हता, तिला तो सगळा वाचता यायचा, असं ती चारचौघांत छातीठोकपणे सांगायची.

आणि तरीसुद्धा त्या दोघांत एक गोष्ट शाबूत होती. या खेळात दर डावाला दोन माणसांना पत्ते बघायच्या आधीच काही चिप्स सक्तीने पुढे टाकाव्या लागतात. ती पाळी टेबलाभोवती फिरत राहते, आणि व्हर्जिलनंतर ऑलिंडा बसत असल्यामुळे फेरीत एकदा ती नेमकी या दोघांवर एकत्र यायची. कधी कधी बाकीचे सगळे पॅक करतात आणि मैदानात हेच दोघं उरतात. अशा वेळी जुन्या माणसांचा रिवाज असा की एकाने विचारायचं, “मिटवू?” दुसऱ्याने म्हणायचं, “मिटव.” मग जो तो आपापल्या चिप्स मागे घेतो. दोघांच्या चिल्लर भांडणात खोलीने आपला हिस्सा कापून न्यावा, हे कुणालाच परवडत नाही. हा रिवाज पाळायचा तर नेहमी पाळायचा. पत्ते बघून, चांगले आले म्हणून एखाद दिवशी “नाही” म्हणणारा माणूस हलकट समजला जातो, आणि ते बिरूद मग त्याच्या कपाळावरून पुसलं जात नाही.

ऑलिंडा आणि व्हर्जिल लग्न होतं तेव्हापासून मिटवत आले होते. तिने पेला ओतला त्या दिवशीसुद्धा, त्याची पँट ओली असताना, त्यांनी एकदा मिटवलं होतं.

साडेअकरापर्यंत चित्र स्पष्ट झालं. व्हर्जिलचा एक चांगला हात गुरमेलने मारला, दुसरा हार्लनने. ऑलिंडापुढे चिप्सच्या उभ्या चवडी होत्या, व्हर्जिलपुढे जेमतेम मूठभर. तिला उकळ्या फुटत होत्या.

“गाडीत पेट्रोल आहे ना?” तिने विचारलं. “घरी जायला लागेल.”

व्हर्जिलने आपल्या उरलेल्या चिप्स एकावर एक लावल्या.

“हायवेवरच्या त्या कॅसिनोत म्हाताऱ्यांना बुधवारी सूप फुकट मिळतं म्हणे. तोंड न उघडता कसं पितात ते मात्र विचारून घे.”

हार्लन खो खो हसला. तो कुणाच्याही जखमेवर हसायचा, त्यात त्याचा पक्षपात नव्हता.

पुढच्या डावाला सक्तीच्या चिप्स टाकायची पाळी पुन्हा त्या दोघांवर आली. गुरमेलने पॅक केलं, हार्लनने पॅक केलं, एकेक करत सगळे बाहेर पडले. ऑलिंडाने आपले पत्ते पाहिलेही नव्हते. तिचा हात चिप्स मागे घ्यायला पुढे झालाच होता.

“मिटवू?” ती म्हणाली.

व्हर्जिलने पत्त्यांचे कोपरे उचलले. बघितलं. खाली ठेवले.

“नाही,” तो म्हणाला. आणि चाल वाढवली.

टेबलावरच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. पाकूनेसुद्धा मान वर केली.

“अरे!” हार्लन म्हणाला. “म्हातारा फिरला!”

 चार वर्षांत त्याने ऑलिंडाचा जो काही अपमान केला असेल नसेल, त्यात हा वरचढ होता. सगळं गेलं, निदान एवढी एक माणुसकी राहिली होती, ती याने मूठभर चिप्ससाठी विकली. आता याला या खोलीतून नुसता उठवायचा नाही, सोलून उठवायचा, असं तिने ठरवलं आणि आपले पत्ते पाहिले. दोन अठ्ठ्या होत्या.

पाकूने टेबलावर तीन पत्ते उघडले. राजा, अठ्ठी, तिर्री. तीन अठ्ठ्या झाल्या! ऑलिंडाने चेहरा गोठवून ठेवला. व्हर्जिलने चाल केली, तिने नुसती जुळवली. चौथा पत्ता गुलाम आला. त्याने पुन्हा चाल केली, तिने पुन्हा जुळवली. वाढवली असती तर तो पळाला असता. तिला त्याला सावकाश, एकेक चिप मोजत मरताना बघायचं होतं. पाचवा पत्ता दुर्री. व्हर्जिलपुढे आता सहा चिप्स उरल्या होत्या. त्याने त्या सहाही पुढे सारल्या.

“शो,” एवढंच म्हणायचं होतं. सहा चिप्स पुढे टाकायच्या, तीन अठ्ठ्या दाखवायच्या, आणि व्हर्जिल आयुष्यातून आणि खोलीतून एकदमच उठला असता.

तेवढ्यात डर्विनचा आवाज माइकवर आला. “बारा वाजायला पाच मिनिटं! एक्क्यांच्या ट्रेची शेवटची पाच मिनिटं! हातात दोन एक्के धरून जो हरेल त्याला खोलीकडून शंभर चिप्सचा ट्रे!”

सकाळची गिऱ्हाइकं बांधून ठेवायला खोलीने काढलेली ही टूम. तिच्यामुळे दहा ते बारा या वेळात माणसं एक्के आले की हरावं म्हणून देव पाण्यात घालून बसायची. ऑलिंडाचा हात हवेत थांबला.

एक्के! अर्थात एक्केच. दुसरं काय असणार? एवढ्या वर्षांचा रिवाज हा माणूस उगाच मोडेल? म्हणून दर खेपेला एवढ्या निवांत चाल करत होता. याला हरायचंय. मी शो म्हटलं, मी जिंकले, की डर्विन हसत हसत शंभर चिप्सचा ट्रे आणून याच्यापुढे ठेवणार. त्या काही खिशातून घेतलेल्या नाहीत, करारात बसतं. म्हणजे माझ्याच तीन अठ्ठ्यांनी मी याला संध्याकाळपर्यंतचं रेशन भरून देणार. तिने त्याच्या कानाकडे पाहिलं. लाल वाटत होता. दिवा त्याच बाजूला होता, पण लाल होता हे नक्की.

आणि पॅक केलं तर? तर मधल्या चिप्स त्याला मिळतील, त्या या ट्रेपुढे काहीच नाहीत. तासाभरात त्या संपतील. आणि मुख्य म्हणजे हातात एक्के घेऊन, हरायच्या तयारीने बसलेला हा माणूस जिंकेल. तो जिंकल्यावर त्याचं तोंड कसं होतं, ते तिला बघायचं होतं. असली मजा तिला सबंध संसारात मिळाली नव्हती.

“पॅक,” ती म्हणाली, आणि दोन्ही अठ्ठ्या सगळ्यांना दिसतील अशा उताण्या टाकल्या. “घे. जिंकलास. ठेव तुझ्या एक्क्यांचं लोणचं घालून.”

टेबलावर कुणाला क्षणभर काही समजलंच नाही. मग हार्लन खुर्चीतून अर्धा उठला. “तीन अठ्ठ्या? तीन अठ्ठ्या टाकल्यास? सहा चिप्ससाठी?”

“याच्याकडे एक्के आहेत,” ऑलिंडा म्हणाली. “दाखव रे.”

व्हर्जिल तिच्या अठ्ठ्यांकडे बघत होता.  मग त्याने आपले पत्ते सावकाश उलटले. चौकटची नव्वी. किलवरची चव्वी. ना जोडी, ना रंग, ना काही. शुद्ध कचरा.

गुरमेलने पंजाबीत काहीतरी म्हटलं आणि पगडीला हात लावला.

“वाचवलं!” हार्लन ओरडला. “हिने त्याला वाचवलं! शो म्हटलं असतं तर तो घरी गेला असता! डर्विन! ए डर्विन, इकडे ये! नवऱ्याला सूट दिली हिने, आमच्या डोळ्यांदेखत!”

खोलीत भिंतीवर नियमांची पाटी आहे. तिच्यावर तिसराच नियम असा की नवरा-बायको, भाऊ-भाऊ, दोस्त-दोस्त कुणीही असा, टेबलावर बसलात की एकमेकांना सूट द्यायची नाही. देणारा आणि घेणारा दोघंही बाहेर. ते नवरा-बायको होते तेव्हा हार्लन रोज या पाटीकडे बोट दाखवायचा. आजही त्याने बोट तिकडेच रोखलं.

“मी तेव्हापासून सांगतोय! घटस्फोट कसला, सगळं नाटक आहे! वर भांडायचं आणि टेबलाखालून एकमेकांना सांभाळायचं. तो कोलासुद्धा नाटक!”

“तुझी जीभ झडो!” ऑलिंडा उभी राहिली. “मी याला सांभाळीन? याला? मला वाटलं याच्याकडे एक्के आहेत. मी जिंकले असते तर याला ट्रे मिळाला असता. तो मिळू नये म्हणून टाकले पत्ते. याचं वाटोळं व्हावं म्हणून टाकले!”

डर्विन आला. त्याने पाकूला विचारलं, पाकूने जसं घडलं तसं सांगितलं. मग त्याने टेबलावरच्या उघड्या पत्त्यांकडे पाहिलं, तीन अठ्ठ्यांकडे, त्या नव्वी-चव्वीकडे. त्याचा चेहरा मवाळ झाला, आणि तेच ऑलिंडाला सगळ्यांत झोंबलं.

“मिस ऑलिंडा,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही शो म्हणाला असतात तर ते आत्ता दाराबाहेर असते. ही खुर्ची तुमची झाली असती.”

“मला कुठे माहीत होतं याच्याकडे कचरा आहे!”

“एवढी वर्षं नवरा होता तुमचा. अख्खी खोली जाणते, तुम्हाला त्यांचा प्रत्येक पत्ता ओळखू येतो. तुम्हीच सांगता.”

 तिने टेबलावर नजर फिरवली. एकाचाही विश्वास बसला नव्हता. गुरमेल तर तिच्याकडे अशा कौतुकाने बघत होता की त्याच्या तोंडावर चिप्स माराव्यात असं तिला वाटलं.

“आंटीजी,” तो म्हणाला, “काही म्हणा, पण दिल मोठं आहे तुमचं.”

“मी याचा द्वेष करते!” ती किंचाळली. “ऐकू येतंय का कुणाला? मी या माणसाचा मनापासून द्वेष करते!”

“हो, हो,” डर्विन समजुतीने म्हणाला. “पण नियम तो नियम. मला माफ करा. दोघांनीही चिप्स मोडून घ्या.”

व्हर्जिल उठला. त्याने तिच्या बाजूने काही सांगितलं नाही, विरुद्धही नाही. डर्विनने काउंटरमागच्या कॅमेऱ्यासमोर दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि एकाच फोटोत उरकलं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. हायवेवरून टोमॅटोचे ट्रक चालले होते. ऑलिंडा आपल्या गाडीची किल्ली शोधत पर्स उपसत होती आणि काही सापडत नव्हतं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. ते रागाचं होतं. उद्या सकाळी दहाला आपण कुठे बसणार, एवढाच विचार डोक्यात घुमत होता, आणि त्या विचारात टीव्ही होता आणि न बोलणारा पोपट होता.

“ऑलिंडा.”

व्हर्जिल पिकअपच्या दाराला टेकून उभा होता.

“बरं वाटलं,” तो म्हणाला. “मला राहू द्यायला बघितलंस.”

तिने पर्स गाडीच्या टपावर आपटली. “तूसुद्धा? अरे मूर्खा, कान उघडून ऐक. मला वाटलं तुझ्याकडे एक्के आहेत. तुला तो ट्रे मिळू नये म्हणून मी जिंकलेला हात फेकला. तू तिथे बसून एकेक चिप करत भिकेला लागावंस म्हणून फेकला. दया नव्हती ती. दयेचा लवलेश नव्हता!”

व्हर्जिलने ऐकून घेतलं. त्याच्या तोंडावरचं ते जे काही हळवं होतं ते गेलं, आणि तिला जरा बरं वाटलं.

“एक्के?” तो म्हणाला.

“एक्केच! नाहीतर तू कशाला नाही म्हणशील?”

“एक्क्यांवर मी कधी नाही म्हटलं?”

ती थांबली. “म्हणजे?”

“आले होते की. पाच-सहा वेळा तरी. सकाळच्या वेळात, ट्रे चालू असतानाही आले.” तो जमिनीकडे बघत होता. एवढं बोलायची सवय नसल्याने त्याला मधे मधे थांबावं लागत होतं. “तू मिटवू म्हणालीस. मी मिटवलं. कोर्टातून सरळ इथे आलो ना आपण त्या दिवशी, तेव्हाही एक्केच होते. इस्पिक आणि बदाम.”

“खोटं बोलतोस.”

“नाही.”

“मग सांगितलं का नाहीस कधी?”

त्याने खांदे उडवले. “सांगितलं असतं तर ते मिटवणं कसलं?”

“आणि आज? आज कचऱ्यावर नाही म्हणालास?”

“आज मी संपलोच होतो,” तो म्हणाला. “म्हटलं, शेवटचा डाव तुझ्याशी खेळून तरी जावं.” मग तो पिकअपमध्ये चढला, दार लावून घेतलं आणि निघून गेला. हात वगैरे केला नाही.

ऑलिंडा उन्हात उभी राहिली. किल्ली हातात आली होती, पण दार उघडायचं सुचत नव्हतं. तो खरं बोलत होता यात तिला शंका नव्हती. त्याच्या कानावरून किंवा अंगठ्यावरून तिने हे ओळखलं नव्हतं, ती विद्या तर आज सगळ्यांसमोर उघडी पडली होती. पण खोटं रचायलासुद्धा माणसाला बोलावं लागतं, आणि तेवढी तोशीस व्हर्जिलने कधीच घेतली नसती. म्हणजे इतकी वर्षं ती त्याच्या डावीकडे बसून त्याच्यावर डोळे रोखून होती, आणि तो तिच्या नाकासमोर एक्के पालथे टाकून तिला तिच्या चिप्स परत देत होता. तिला पत्ता लागला नव्हता. लागला असता तर कोर्टात ती काय बोलली असती, कोण जाणे.

तिच्या मनात आलं, डर्विनला ती महिन्याभरात माफ करील. हार्लनला वर्षभर लागेल, पण त्यालाही करील. व्हर्जिलचं न बोलणं, त्याची ती बत्तीस वर्षांची मुकी जेवणं, तीसुद्धा तिने एखादवेळी माफ केली असती. पण हे एक्के ती त्याला मरेपर्यंत माफ करणार नव्हती.